शिवकन्येकडं बॉल येतच नव्हता

बेंबळीच्या शाळेत मुलींचा फुटबॉल सुरू झाला तो उत्तरेश्वर सरांमुळं. सर मूळचे माकणीचे. व्यायामशिक्षकाचं शिक्षण त्यांनी कोल्हापुरात घेतलं आणि येताना फुटबॉलचं वेड सोबत घेऊन आले. आमच्याकडं मुलींचा खेळ म्हणजे खो-खो. ज्या पोरीच्या पायात जरा चपळाई आहे ती आधीच खो-खोच्या संघात गेलेली. उरलेल्या सरांनी गोळा केल्या. त्या उरलेल्यांत शिवकन्या सोनटक्के होती. आमच्या समोरच्याच घरातली, बलभीमची थोरली.

सातवीतच ती वर्गातल्या पोरांपेक्षा उंच झाली होती. खो-खोत ती खाली वाकून हात लावेपर्यंत समोरची पोरगी खांब गाठायची. सरांनी तिचे लांबलचक हात बघितले आणि म्हणाले, "तू गोलमध्ये उभी राहा."

ती उभी राहिली, आणि पुढची तीन वर्षं नुसती उभीच राहिली.

त्याचं कारण असं की जिल्ह्यात मुलींचे फुटबॉल संघ होतेच मोजून तीन-चार. त्यातले दोन तर स्पर्धेला संघ उतरवला पाहिजे म्हणून आदल्या आठवड्यात जमवलेले. पोरी खो-खोच्या कपड्यांत यायच्या, काही अनवाणी. बॉल कुठंही असो, सगळ्या जणी घोळका करून त्याच्यामागं पळायच्या. उत्तरेश्वर सर मात्र रोज सकाळी मुरमाच्या ग्राउंडवर पोरींकडून पासिंग करून घेत. जुन्या पाइपलाइनच्या लोखंडी पाइपांचे गोलखांब आणि द्राक्षबागेतल्या शेडनेटची जाळी, एवढ्यावर त्यांनी संघ उभा केला होता. तो संघ धाराशिवला गेला की बारा-शून्य, चौदा-शून्य असल्या फरकानं जिंकायचा. सगळा खेळ पलीकडच्या गोलसमोर. अलीकडं शिवकन्या एकटी, ग्राउंडवर किडे टिपत फिरणाऱ्या टिटव्या बघत.

एकदा पलीकडची गोलकीपर रडायला लागली. इतके गोल झाले होते की तिला बॉल आणायलाही उठवेना. शिवकन्येला त्या वेळी एक विचित्र गोष्ट वाटली. तिला त्या पोरीची दया आली, पण त्याहून जास्त हेवा वाटला. सगळे बॉल तिच्याकडंच जात होते.

तीन वर्षांत शिवकन्येवर एकही गोल झाला नाही. स्टँडवर फ्लेक्स लागला, त्यावर तिचा हात वर केलेला फोटो. सत्कार झाले. शाल, नारळ, फेटा. उत्तरेश्वर सर माइकवर म्हणाले, "आमची शिवकन्या म्हणजे भिंत आहे भिंत!" टाळ्या वाजल्या. ती खाली बघत उभी राहिली. लोकांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. तिला मनातून भीती वाटत असायची. आपण काही केलेलं नाही, हे आपल्यालाच माहीत आहे आणि एक दिवस ते सगळ्यांना कळणार आहे, अशी ती भीती. ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. जिंकणाऱ्या माणसाची तक्रार कोण ऐकून घेणार?

दहावीच्या वर्षी पुण्याच्या एका अकादमीची माणसं धाराशिवला आली. त्यांनी तिची उंची बघितली, उडी बघितली, उंचावरून टाकलेला बॉल ती दोन्ही हातांनी कसा धरते ते बघितलं आणि तिला निवडली. राहायला होस्टेल, शिकायला शेजारचं कॉलेज आणि हिरव्यागार गवताचं ग्राउंड. बलभीम तिला सोडायला गेला तेव्हा त्या गवतावरून नुसता हात फिरवून आला.

शिवकन्येला वाटलं, आता सुटले. आता खरा खेळ.

अकादमीचे प्रशिक्षक कृष्णराज सर मोठा माणूस. कमी बोलायचे, पण बोललेलं कामाचं असायचं. पाय कधी हलवायचा, मारणाऱ्या पोरीच्या बॉलकडं न बघता तिच्या खांद्याकडं का बघायचं, पडताना कोपर कसं वाचवायचं, हे सगळं ती त्यांच्याकडं शिकली. सरावात तिच्यावर भरपूर बॉल मारले जायचे. सृष्टी नावाची संघातली स्ट्रायकर तर असं मारायची की तळहात रात्रभर चुणचुणत. तिथं शिवकन्या बरी होती. पण सराव तो सराव. तिथं बॉल येणार हे माहीत असतं.

मग राज्याची सतरा वर्षांखालील मुलींची लीग सुरू झाली. आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ. पेपरात निवडक संघांची मोठी स्पर्धा म्हणून बातमी आली. पहिल्या मॅचला शिवकन्येनं ग्लोव्ह्जचे पट्टे दोन-दोनदा आवळले. मॅच संपली तेव्हा अकादमी नऊ-शून्यनं जिंकलेली आणि शिवकन्येच्या जर्सीला माती लागलेली नव्हती.

दुसऱ्या मॅचला तेच. तिसऱ्या मॅचला तेच. राज्यातल्या चांगल्या पोरी दोन संघांत गोळा झाल्या होत्या, एक पुण्याचा आणि एक मुंबईचा. बाकीचे सहा संघ नुकते उभे राहिलेले. सोलापूरच्या संघाला तर त्यांनी अकरा गोल मारले. त्या मॅचमध्ये सोलापूरच्या गोलकीपरचं मनगट दुखावलं, तरी ती शेवटपर्यंत उभी होती. त्यांच्या प्रशिक्षक श्रीदेवी मॅडम बाजूच्या रेषेवरून कन्नडमध्ये ओरडून पोरींना धीर देत होत्या, नवव्या गोलनंतरसुद्धा, पहिल्या मिनिटाला दिला होता तसाच. शिवकन्या आपल्या रिकाम्या अंगणातून ते बघत राहिली.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या संघाशी गाठ पडली. ही एकच मॅच बरोबरीची. दोन्हीकडचा डिफेन्स पक्का, बॉल मधल्या मधेच अडकलेला. कितीतरी वेळ शिवकन्येकडं काही आलंच नाही. पायांत मुंग्या आल्यासारखं झालं. आणि मग एकदम, लांबून, जमिनीलगत एक बॉल आला. सरावात तो तिनं डोळे मिटून धरला असता. पण तिचा पाय उशिरा हलला. बॉल हाताखालून आत गेला. अकादमी शून्य-एकनं हरली.

संघातल्या पोरी चांगल्या. "असू दे गं," म्हणाल्या. पण राज्याचा संघ निवडणाऱ्या एक बाई तिथं आल्या होत्या. त्या कृष्णराज सरांना म्हणाल्या आणि ते शिवकन्येच्या कानावर पडलं, "मुलगी उंच आहे, तयारीचीही दिसते. पण मी हिच्याबद्दल मत काय बनवू? एकदाच बॉल आला आणि तो आत गेला."

दिवाळीला ती गावी आली. जो तो विचारी, "आता किती गोल झाले?"

"एक."

"एकच? वा! पुण्यात जाऊन एकच!"

ताटातलं अर्धं टाकून ती उठायची, रात्री अंगणात जागीच असायची. आईनं विचारलं तर म्हणाली, पोट बरं नाही.

सुट्टी संपायच्या आधीच ती निघाली आणि पुण्याच्या गाडीसाठी धाराशिवला न जाता ढोकीच्या साखर कारखान्यावर गेली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. बलभीम स्वतःच्या ट्रॅक्टरनं ऊस ओढतो. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागली होती आणि तो ट्रॉलीच्या सावलीत बसला होता. पोरीला बॅगेसकट बघून तो दचकला.

"काय गं? हितं कशी?"

"अण्णा, मला पुण्याची टीम सोडायची हाय."

"काढलं का काय?"

"न्हाय."

"मग? कुनी तरास देतंय का? सांग मला."

"न्हाय अण्णा. सगळी लई चांगली हायत."

"मग झालंय काय?"

"माझ्याकडं बॉलच येत न्हाय."

बलभीमला हसू आलं. "ते चांगलंच हाय की!"

"काय चांगलं हाय?" ती एकदम बोलली. "बॉलच आला न्हाय तर मी गोलकीपर हाय का न्हाय, हे मला कसं कळायचं? तुमी सगळे सत्कार करताव. मी काय बी केलेलं न्हाय, अण्णा. नुसती हुबी हाय. एकदा बॉल आला तर तो बी आत गेला. मला रोज भ्या वाटतं, कुनाला तरी कळंल म्हनून." आणि मग तिनं सोलापूरच्या संघाचं सांगितलं. त्यांची गोलकीपर पट्टी बांधून घरी बसली आहे, दुसरी कुणी नाही, आणि लीगच्या नियमात उरलेल्या हंगामासाठी एका संघातून दुसऱ्या संघात जाता येतं.

पुढचा ट्रॅक्टर सरकला. बलभीम उठला, आपलाही एक ट्रॉलीभर पुढं घेतला आणि परत येऊन बसला.

"सोलापूरची टीम कितव्या नंबरावर हाय?"

"शेवटच्या."

"म्हंजी लई गोल हुतील."

"व्हय."

"गावात लोक मला इचारतील."

"व्हय."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, "तुझ्या सत्काराचे फोटो म्या मोबाइलमदी ठिवलेत. रांगंत बसलो का बघतो. एका बी फोटोत तू हसलेली न्हाईस. म्या तुझ्या आईला बोललो बी, पोरीच्या मनात कायतरी हाय. खेळातलं मला कळत न्हाय. पर हे असं जड मन घिऊन तू खेळू नगंस. जा. सोलापूर तर आपल्याला जवळच हाय."

कृष्णराज सरांनी मात्र आधी ऐकूनच घेतलं नाही. "मुली रडतात या अकादमीत यायला," ते म्हणाले, "आणि तू शेवटच्या संघात जायचं म्हणतेस? दर मॅचला सहा-सात गोल होतील तुझ्यावर. आत्मविश्वास जाईल."

"सर, तो आहे कुठं जायला?" शिवकन्या म्हणाली.

सर खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, "खरं सांगू? मलाही हीच अडचण आहे. चांगल्या चांगल्या मुली मीच वेचून आणल्या आणि आता खेळायचं कुणाशी हा प्रश्न माझ्यापुढंच आहे. नऊ-शून्यच्या मॅचमधून मला कळतच नाही, माझ्या मुली चांगल्या आहेत की समोरच्या कच्च्या." त्यांनी दुसऱ्या गोलकीपरचा विचार केला, चार दिवस घेतले आणि मग स्वतःच श्रीदेवी मॅडमना फोन लावला.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. पोरीला पुण्यातून काढलं, अशीच ती पोचली. उत्तरेश्वर सरांनाही ते लागलं. त्यांनी किती दिवस तिला फोन केला नाही.

सोलापूरच्या संघात तिथल्या जुन्या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या पोरी होत्या, निम्म्या आपसात कन्नड बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी श्रीदेवी मॅडमनी शिवकन्येला घरी जेवायला नेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. जेवताना म्हणाल्या, "बघ, इथं तुझ्याकडं बॉल येणार. इतका येणार की नको म्हणशील. मी तुला किती गोल झाले म्हणून कधी विचारणार नाही. प्रत्येक गोलनंतर उठायला किती वेळ लावलास एवढंच बघीन."

पहिली मॅच नागपूरच्या संघाशी. पुण्याच्या मानानं तो मधला संघ, पण सोलापूरला त्यानं मागच्या फेरीत धुतलं होतं. शिट्टी वाजली आणि बॉल आला. तिनं धरला. पुन्हा आला, बोटांनी बाहेर काढला. कॉर्नर. पुन्हा. तिसऱ्या की चौथ्या वेळी एक पोरगी एकटीच समोर आली आणि तिनं वरच्या कोपऱ्यात मारला. शिवकन्येनं झेप घेतली, बोटाच्या टोकाला बॉल लागल्यासारखा वाटला आणि जाळी हलली.

ती जमिनीवर पडली होती. तोंडात माती होती. आणि तिला एकदम हलकं वाटलं, असं तिनंच मला नंतर सांगितलं. तो बॉल चांगला होता. ती त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचली होती. चोरी उघडी पडेल म्हणून इतके दिवस धरलेला श्वास सुटावा तसं झालं. भिंत पडली होती आणि मागं एक गोलकीपर उभी होती. ती उठली, बॉल मध्याकडं लाथाडला आणि पोरींना ओरडली, "चला गं!"

त्या दिवशी तिच्यावर पाच गोल झाले. न झालेले किती, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पण श्रीदेवी मॅडम हसत होत्या. बसमध्ये पोरी कन्नड गाणी म्हणत होत्या. शिवकन्येला शब्द येत नव्हते, तरी ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी बेंबळीच्या चौकात धनाजी टेलरनं बलभीमला हटकलं, "पोरीला पाच गोल झाले म्हनं?"

"झाले," बलभीम म्हणाला. "अजून हुतील." आणि चहा पिऊन निघून गेला.

झालेही. पण एक बदल दिसू लागला. आधी सोलापूरचा संघ पहिल्या अर्ध्यातच सहा गोलांनी मागं पडायचा आणि मग पोरी नुसत्या वेळ काढायच्या. आता हाफटाइमला आकडा एक नाही तर दोन असायचा. एवढ्या फरकानं माणूस हार मानत नाही. पोरी पळत राहिल्या. पळत राहिल्या म्हणून शिकल्या. कोल्हापूरशी त्यांनी एक-एक अशी बरोबरी केली, तेव्हा श्रीदेवी मॅडम ग्राउंडवर मांडी घालून बसल्या आणि किती वेळ उठल्याच नाहीत. शिवकन्येच्या डाव्या हाताची करंगळी सुजली, गुडघे सोलवटले, पण तिची भूक परत आली. आईला फोनवर सांगायची, काय काय खाल्लं ते.

शेवटची मॅच अकादमीशी, सोलापुरातच. बलभीमनं ट्रॅक्टर भावाकडं दिला आणि आला. सोबत उत्तरेश्वर सर होते. ते बलभीमच्या मोटरसायकलवर मागं बसून आले होते, जरा अवघडून. मॅचआधी शिवकन्या त्यांच्या पाया पडली तेव्हा म्हणाले, "माझा राग नाही गं. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"तुमचं काही नाही, सर. तुम्ही दुसऱ्या शाळांपेक्षा जास्त शिकवलंत, एवढंच झालं."

उन्हं कडक होती. अकादमीच्या पोरी पहिल्या दहा मिनिटांत गोल मारायच्या सवयीच्या. त्या दिवशी दहा मिनिटं गेली, वीस गेली. सृष्टीनं खांद्याचा हिसका देऊन डावीकडं मारला. तो खांदा शिवकन्येच्या ओळखीचा होता, ती आधीच तिकडं झेपावली. सृष्टी डोक्याला हात लावून उभी राहिली. पलीकडं कृष्णराज सर, जे कधी खुर्चीवरून उठत नसत, रेषेवर येऊन उभे होते. बलभीमनं पोरीला खेळताना खरं म्हणजे पहिल्यांदाच बघितलं. तो दर बॉलला अर्धा उठायचा आणि बसायचा.

हाफटाइमला शून्य-शून्य. नंतरही कितीतरी वेळ तसंच. दोन्हीकडच्या पोरी धापा टाकत होत्या, पण कुणी थांबत नव्हतं. अगदी शेवटी एका कॉर्नरवर अकादमीच्या एका पोरीनं डोक्यानं बॉल आत घातला. शून्य-एक. सोलापूर हरलं.

शिट्टी झाल्यावर सृष्टी धावत आली आणि शिवकन्येच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "काय अडवतेस गं बाई! जीव घेतलास!" कृष्णराज सर आधी आपल्या पोरींकडं गेले नाहीत. ते सरळ श्रीदेवी मॅडमकडं गेले, त्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "मॅडम, शेवटपर्यंत धाकधूक लागावी अशी मॅच या वर्षात मुंबई सोडली तर मला मिळाली नव्हती. आज तुमच्याकडून मिळाली. आभार." त्यांचा चेहरा हरलेल्या माणसासारखा नव्हता आणि जिंकलेल्यासारखाही नव्हता. कसलंसं ओझं खाली ठेवलेल्यासारखा होता.

निवड करणाऱ्या बाई त्या दिवशी होत्या. राज्याच्या संघात शिवकन्येचं नाव दुसरी गोलकीपर म्हणून आलं. राष्ट्रीय स्पर्धेत तिला एकच मॅच मिळाली. दोन गोल झाले, संघ तीन-दोननं जिंकला. पुढं काय होईल ते पुढं. सध्या ती सोलापुरातच बारावी करते आहे आणि श्रीदेवी मॅडमच्या संघात आहे. अकादमीनं परत बोलावलं होतं. ती म्हणाली, अजून एक वर्ष.

या उन्हाळ्यात ती महिनाभर गावी होती. उत्तरेश्वर सरांनी दर रविवारी सकाळी एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. ढोकीच्या शाळेच्या आणि आजूबाजूच्या पोरींना बोलवायचं, सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि मिसळून दोन संघ करायचे. आपल्या घडवलेल्या पोरी दुसऱ्या बाजूला गेल्या की सरांना पहिल्यांदा फार जड गेलं. आता तेच जास्त ओरडतात, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही कळत नाही. परवाच्या रविवारी मॅच चार-तीन झाली. शिवकन्या रेफरी होती. हरलेल्या पोरी ग्राउंडपासून वेशीपर्यंत भांडत गेल्या, तिसरा गोल कुणी अडवायला हवा होता यावरून. भांडण मोठं रंगात आलं होतं.

शिवकन्या घरी आली, आंघोळ केली, जेवली आणि अंगणातल्या बाजेवर लिंबाखाली आडवी झाली. मी समोरून बघत होतो. आईनं चहाला उठवलं तेव्हा उन्हं पार कलली होती, आणि ती म्हणाली, "झोपू दे की गं अजून जरा."